गोष्ट रचणारे साने गुरुजी

हडपसरच्या माळवाडीत साने गुरुजींच्या नावाचे रुग्णालय आहे. महाराष्ट्र आरोग्य मंडळाने उभ्या केलेल्या या रुग्णालयामुळे गुरुजींचे नाव परिसरात रोज शेकडो तोंडी असते. रिक्षात बसताना, नातेवाइकाला पत्ता सांगताना, औषधाची चिठ्ठी दाखवताना ते सहज उच्चारले जाते. याच हडपसरपर्यंत आषाढी वारीत ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या एका रस्त्याने येतात. इथून माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडकडे जाते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे. दोन्हींचा मुक्काम अखेर पंढरपूर. तिथल्या विठ्ठल मंदिराचे दार दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले आणि दहा दिवसांत ते दार उघडले. सेवा, सत्याग्रह, त्याग या शब्दांशी गुरुजींचे नाव महाराष्ट्राने पक्के जोडले आहे. गोष्ट लिहिणारा कसबी लेखक म्हणून मात्र त्यांच्याकडे फार कमी पाहिले जाते.

याचे एक कारण त्यांच्याच सर्वांत गाजलेल्या पुस्तकात आहे. ‘श्यामची आई’ वाचून रडू येते, हे मराठी घरात पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. पुस्तक भावनेच्या भरात आपोआप उतरले आणि भावनेच्या जोरावरच टिकले, असा समज त्यातून तयार झाला. शाळेत ते संस्कारांसाठी वाचायला दिले जाते. त्याची बांधणी कशी आहे, गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, एवढी वर्षे ती ऐकणाऱ्याला का धरून ठेवते, हे प्रश्न वर्गात निघत नाहीत.

ते निघायला हवेत. नव्वद वर्षांनंतरही जे पुस्तक मोठ्याने वाचले की मुले गप्प बसून ऐकतात, त्याच्यामागे नुसते हळवे मन असू शकत नाही. तिथे रचना आहे, आणि ती शिकण्यासारखी आहे.

पाच दिवसांमागची नऊ वर्षे

‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात लिहिला गेला. गुरुवार ९ फेब्रुवारी १९३३ला सुरुवात झाली आणि सोमवार १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखन थांबले. पाच दिवसांत एवढे लिहून झाले, याचे सर्वांना नवल वाटते. पण त्या पाच दिवसांआधीची वर्षे पाहिली की लेखणी इतकी भरधाव का चालली, ते कळते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, दापोलीजवळच्या पालगडचा. दापोली, औंध, पुणे अशा ठिकाणी अडीअडचणीत शिक्षण झाले. १९२४मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. घरापासून दूर राहिलेली, वेगवेगळ्या वयांची मुले त्यांच्याभोवती होती. त्यांच्यासाठी गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. ते एकटेच लिहायचे, तेही रोज.

लेखकासाठी याहून चांगली शाळा सापडणे अवघड. वाचक कोण, हे नावानिशी माहीत. कोणाला घरची आठवण येते, कोणाचे गणित कच्चे, कोण कालच्या भांडणाने रुसला आहे, हेही ठाऊक. लिहिलेले आवडले की नाही, ते दुसऱ्या दिवशी पोरांच्या चेहऱ्यावर दिसणार. कंटाळवाणे लिहिले तर कोणी थांबून वाचणार नाही. छोटे वाक्य, चटकन उभे राहणारे दृश्य आणि एका बैठकीत संपणारा मजकूर या गुरुजींच्या सवयी अशा रोजच्या लेखनात मुरत गेल्या.

१९३०मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हातात आहे. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहायचे आणि तरी त्याच्या बोलण्याचा बाज हरवू द्यायचा नाही, हे काम सोपे नव्हे. विनोबा अवघड विचार रोजच्या व्यवहारातल्या दाखल्याने सोपा करत. तो दाखला कुठे येतो आणि विचाराला कसा उचलून धरतो, हे अठरा रविवार गुरुजींच्या हाताखालून गेले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीत, ते नाशिकच्या तुरुंगात श्यामच्या गोष्टी लिहायला बसले. त्या पुस्तकाचा स्वर बोलण्याचा आहे, त्यात आश्चर्य नाही.

तिसरी शिदोरी बायकांच्या तोंडच्या भाषेची. गुरुजींनी जात्यावरच्या, घरकामातल्या ओव्या जमवून ‘स्त्री-जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. श्यामची आई जेव्हा बोलते तेव्हा ती पुस्तकी बोलत नाही. दूर्वा, तुळस, गाय, भांडी, सणवार यांच्या आधाराने बोलते. मोठी गोष्ट घरातल्या वस्तूवरून सांगण्याची ही रीत ओवीची आहे आणि ती गुरुजींच्या कानात आधीपासून होती.

ऐकणारे पुस्तकातच बसवले

‘श्यामची आई’ हे आत्मचरित्र म्हणून सरळ लिहिता आले असते. गुरुजींनी तसे केले नाही. त्यांनी एक आश्रम कल्पिला, त्यात श्याम आणि त्याचे मित्र ठेवले. रात्रीची प्रार्थना होते, मंडळी बसतात आणि श्याम आईची एक आठवण सांगतो. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. अशा एकंदर बेचाळीस.

गोष्टीत गोष्ट बसवण्याची युक्ती आपल्याकडे पंचतंत्र, कथासरित्सागरापासून चालत आली आहे. अरबी कथांमध्ये शहरजादीही रात्रीमागून रात्र गोष्ट सांगते. ती गोष्ट अर्धी सोडते, कारण उद्या जिवंत राहायचे तर राजाची उत्सुकता ताणायला हवी. श्यामची प्रत्येक रात्र त्याच रात्री पूर्ण होते. ऐकणारे दुसऱ्या दिवशी येतात, ते कालचे काय झाले हे कळावे म्हणून येत नाहीत. त्यांना ते माणूस, ते घर पुन्हा भेटायला हवे असते. मालिकेतले प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे उघडता यावे आणि तरी एकूण ओढ कमी होऊ नये, हे साधणे अवघड असते. शाळेच्या पाठ्यपुस्तकात या पुस्तकातली एखादी रात्र सुटी काढून घेता येते आणि ती अपुरी वाटत नाही, याचे श्रेय या रचनेला आहे.

या चौकटीचा दुसरा फायदा सुराचा. श्याम मित्रांना ‘गड्यांनो’ अशी हाक मारतो. समोर बरोबरीचे सोबती आहेत, विद्यार्थी नाहीत. त्यामुळे उपदेशाचे वाक्य आले तरी ते वरून खाली येत नाही. शिवाय गोष्टीच्या आधी किंवा नंतर मित्र आपसांत बोलतात, कोणी कामात हात देतो, कोणी नुसता गप्प राहतो. गोष्ट ऐकून काय वाटले पाहिजे, हे लेखकाने वाचकाला सांगण्याऐवजी या ऐकणाऱ्यांच्या हालचालींतून दाखवले आहे.

कीर्तनाशी ही मांडणी ताडून पाहावी. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन तत्त्व मांडले जाते आणि उत्तररंगात त्याला आख्यानाची जोड मिळते. आधी विचार, मग कथा. गुरुजी कोकणातल्या त्याच कीर्तन-पुराणांच्या वातावरणात वाढले, पण लिहिताना त्यांनी बहुतेक ठिकाणी क्रम फिरवला. आधी प्रसंग घडतो आणि बोध शेवटी थोडक्यात येतो. कित्येकदा तो आईच्या तोंडून एखाद-दुसऱ्या वाक्यात निघून जातो.

चुकणारा श्याम

पहिल्याच रात्री, सावित्रीव्रताच्या गोष्टीत, आई तापाने आजारी आहे. वडाला प्रदक्षिणा घालायला तिच्या अंगात बळ नाही. आपल्या वतीने प्रदक्षिणा घालून ये, असे ती श्यामला सांगते. श्याम नको म्हणतो. बायकांच्या घोळक्यात मुलगा वडाभोवती फिरताना दिसला तर पोरे हसतील, ही त्याची अडचण. आई त्याची समजूत घालते आणि तो जातो.

पुस्तकाचे दार उघडताच लेखकाने नायकाला लाजताना, टाळताना दाखवले आहे. ही निवड पुढे जवळजवळ प्रत्येक रात्री दिसते. ‘मुकी फुले’मध्ये सर्वांच्या आधी फुले मिळावीत म्हणून मुले गुलबक्षीच्या कळ्याच खुडून आणतात, त्यांत श्याम असतो. ‘पत्रावळ’मध्ये त्याला पत्रावळ लावता येत नाही आणि शिकायचीही नसते. पोहायला जाण्याच्या दिवशी तो घरात लपून बसतो. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या रात्रीचे तर नावच पुरेसे आहे. चूक करणारा नेहमी सांगणारा स्वतःच.

बालवाङ्मयात बोधकथा खूप झाल्या. त्यांत बहुधा चांगला मुलगा आणि वाईट मुलगा असे दोन खांब असतात. वाईट मुलगा म्हणजे ऐकणारा, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते आणि तो मनाने उठून जातो. श्याम मात्र मोठेपणी, मित्रांसमोर, स्वतःचे लहानपणचे हट्ट आणि लबाड्या सांगतो. ऐकणारे मूल त्याच्या बाजूचे होते, कारण कळी खुडण्याचा मोह त्यालाही झालेला असतो.

आईचे चित्रही एकरंगी नाही. मायाळू म्हणून जी बाई महाराष्ट्राच्या मनात बसली आहे, ती पोहायला न जाणाऱ्या मुलाला मारून घराबाहेर काढते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे, हे तिला सोसत नाही. ती मारते तेव्हाही वाचकाला तिच्याबद्दल राग येत नाही, कारण तिच्या मनातली कालवाकालव गुरुजी त्याच रात्री दाखवतात. ‘बंधुप्रेमाची शिकवण’मध्ये श्याम खाऊच्या पैशांतून साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात चालत घरी येतो. कोट पाहून आईला आनंद व्हावा, अशी वाचकाची अपेक्षा. आईच्या मनात आधी शंका येते की पैसे आले कुठून. आनंद त्यानंतर. या एका उलट्या पायरीमुळे प्रसंग गोडगोड होण्यापासून वाचला आहे.

मीठ नसलेली भाजी

गुरुजींचे कसब एकाच ठिकाणी पाहायचे तर ‘अळणी भाजी’ ही रात्र उघडावी. घटना म्हणाल तर काहीच नाही. कामाच्या गडबडीत आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील आणि मुले जेवायला बसतात. पहिल्या घासालाच वडिलांना कळते, पण ते बोलत नाहीत. उलट भाजीची तारीफ करतात आणि तीच मागून खातात. वडील बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. सर्वांची जेवणे झाल्यावर आई बसते, घास घेते आणि मग तिला कळते.

इथे गुरुजींनी मोठा धीर दाखवला आहे. वाचकाला मीठ नसल्याचे आधीपासून माहीत आहे. ताटावर बसलेल्या सर्वांना माहीत आहे. एकटी आईच अंधारात आहे, आणि तीच वाढते आहे, विचारते आहे. वाचक तिच्या पहिल्या घासाची वाट पाहत राहतो. राक्षस नाही, चोर नाही, मृत्यू नाही. एका चिमूटभर मिठावर सगळा ताण उभा केला आहे.

घास घेतल्यावर तिला जे वाटते, तेही सरळ नाही. आपल्याला बोल लागला नाही म्हणून ती निश्चिंत होत नाही. आपण घरच्यांना असे जेवू घातले आणि कोणी सांगितलेही नाही, याची तिला चुटपुट लागते. शेवटी श्याम मित्रांपुढे प्रश्न ठेवतो की तिचे मन दुखू नये म्हणून जिभेवर ताबा ठेवणारे वडील थोर, की ही चूक मनाला लावून घेणारी आई थोर. दोघेही थोर, असे तो लगेच सांगतो. पण तोपर्यंत ऐकणाऱ्याने मनातल्या मनात तुलना करून पाहिलेली असते. उत्तर येण्याआधी विचार करण्याचे काम लेखकाने ऐकणाऱ्यावर सोपवले आहे.

सुट्या सुट्या वाचल्या तर या गोष्टी एकेका गुणाच्या वाटतात. क्रमाने वाचल्या तर त्यांच्याखालून दुसरी एक कथा वाहताना दिसते. ती कर्जाची कथा आहे. सुरुवातीला खोताचे भरले घर, मग एकत्र कुटुंबातून बाहेर पडणे, साधी पर्णकुटी, सावकाराचा तगादा, अपमान, आणि शेवटी गावात पिटली गेलेली जप्तीची दवंडी. आईचे आजारपण आणि शेवट याच घसरणीच्या टोकाला येतो. गुरुजींच्या आई यशोदाबाई १९१७मध्ये गेल्या, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता आणि त्यांची शेवटची भेट झाली नाही. पुस्तकातही श्याम पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. वाचक जिथे रडतो ती जागा अशी चाळीसएक रात्री आधीपासून तयार होत आलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीचे कोकण, तिथली खोती, सावकारी आणि मोडत जाणारी घरे यांचे इतके बारीक चित्र त्या काळच्या थोड्याच पुस्तकांत सापडते.

दुसऱ्यांच्या गोष्टी आपल्या करताना

गुरुजींचे वाचन इंग्रजीतून जगभर पोचले होते. त्यांनी ‘गोड गोष्टी’च्या मालिकेत परदेशी कादंबऱ्या मराठी मुलांसाठी सांगितल्या. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’वरून ‘दुःखी’, जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’. एलियटचा एकलकोंडा विणकर, त्याचे चोरीला गेलेले सोने आणि त्याच्या दारात आलेले अनाथ मूल, एवढा गाभा त्यांनी घेतला आणि माणसे आपल्याकडची केली. मूळ पुस्तकांतला मोठा सामाजिक पसारा मुलांच्या वाचनात पेलणार नाही, हे ओळखून काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय त्यांनी घेतला. गोष्ट सांगणाऱ्याचे अर्धे काम सोडण्याचे असते.

पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ही याच हातातली आहेत. एका मुलीला उद्देशून लिहायचे आणि ते सर्व मुलांना आपल्यासाठी वाटायचे. १५ ऑगस्ट १९४८ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, जे आजही पुण्यातून निघते. ११ जून १९५० रोजी ते गेले, तेव्हा वयाची एक्कावन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

गुरुजींच्या रचनेची ताकद दुसऱ्या माध्यमातही सिद्ध झाली. सासवड परिसरातल्या कोडीतचे आचार्य प्र. के. अत्रे विनोद आणि विडंबनासाठी प्रसिद्ध. गुरुजींच्या स्वभावापासून इतका दूरचा माणूस शोधूनही सापडला नसता. त्यांनीच १९५३मध्ये ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४मध्ये, या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. सत्तर वर्षांनी, २०२३मध्ये, सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला.

गोष्ट सांगण्याची चळवळही त्यांच्यामागे उभी राहिली. १९५१मध्ये प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला सुरू झाली आणि शाळाशाळांत ठरलेल्या वेळी मुलांना गोष्ट सांगण्याची प्रथा पडली. आज पुण्याच्या पूर्वेकडच्या उपनगरांत एकेका वर्गात घरी मराठी, हिंदी, कानडी, तेलुगू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे गुरुजींचे आंतरभारतीचे स्वप्न होते. अशा वर्गात एकाच गोष्टीभोवती सर्वांना बसवण्याची गरज आता जास्त आहे.

लेखकाच्या निधनाला साठ वर्षे झाली की आपल्या कायद्यानुसार पुस्तकांचे स्वामित्व संपते. त्यामुळे २०११पासून गुरुजींचे साहित्य सर्वांना खुले झाले आहे. कोणीही छापू शकतो, वाचू शकतो, ध्वनिमुद्रित करू शकतो. शिक्षकांनी आणि आईवडिलांनी याचा फायदा घ्यावा. संस्कारांचा तास म्हणून नको. आठवड्यातून एक रात्र मोठ्याने वाचावी, ‘अळणी भाजी’पासून सुरुवात करावी, शेवटच्या प्रश्नापाशी थांबावे आणि उत्तर मुलांना देऊ द्यावे. थोड्या मोठ्या मुलांना लगेच विचारावे की ही गोष्ट त्यांनी लिहिली असती तर मीठ नसल्याचे आईला कधी कळू दिले असते. तेवढ्या प्रश्नाने मुले लिहायला लागतील.